समोरच्या घराची चाबी

खेमराज निनावे घरमालक झाला हीच मुळात चूक, असं विमलाबाईचं ठाम मत होतं. आणि नवऱ्याबद्दलची आपली मतं पोटात ठेवणाऱ्या बायकांतली ती नव्हती.

खरं तर घर तिचंच. तिचा बाप करडी गावचा, धानाची चांगली शेती असलेला. बाप गेल्यावर भावानं बहिणीच्या वाट्याच्या बांध्या स्वतःकडे ठेवल्या आणि त्यांचं मोल इमानदारीनं तिच्या हाती दिलं. त्यातून वरठीला, स्टेशनच्या मागच्या अंगाला, जागा घेतली. समोर राहतं घर, मध्ये आंगण, मागे ओळीनं पाच खोल्या. तिथल्या कारखान्यात कामाला येणारी माणसं गावोगावची. रोज मोटारसायकल हाणून कंटाळली की इथंच खोली शोधायची. त्यामुळं खोल्या कधी रिकाम्या राहत नसत. कागदावर नाव मात्र खेमराजचं लागलं, कारण कागदावर नवऱ्याचंच नाव लागतं असं तेव्हा दोघांनाही वाटत होतं.

खेमराज मूळचा मोहाडीचा, पिढीजात विणकर. वरठीला राहायला आला तेव्हा त्यानं आधी चूल कुठं मांडायची ते पाहिलं नाही, माग कुठं बसवायचा ते पाहिलं. समोरच्या घराच्या पहिल्या खोलीत खड्डा खणला, बापाचा सागवानी माग त्यावर उभा केला आणि खड्ड्यात पाय सोडून बसला तो बसलाच. कोशाचं सूत मोहाडीहून सायकलवर आणायचं, करवतकाठी पातळ विणायचं आणि सायकलवरच शेठकडे नेऊन द्यायचं. विमलाबाई कांड्या भरून द्यायची. दिवस बरे चालले होते.

आता शेठ म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मोहाडीचे लक्ष्मणराव हे खेमराजचे शेठ. शेठ सूत देतो, विणकर विणतो, शेठ कापड नेतो. खेमराजच्या घराण्यात शेठ धरायची एक रीत होती. शेठला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, खांद्यावर शेला टाकायचा आणि चार माणसांच्या देखत त्याच्या हातावर सुपारी ठेवायची. एकदा सुपारी दिली की मागावरचं कापड शेठचं. विणकरानं त्याची किंमत सांगायची नाही, गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही, शेठच्या पाठीमागं एक रुमालसुद्धा विकायचा नाही. तसं करणाऱ्याला बेइमान म्हणत आणि त्याला पुन्हा कोणी सूत देत नसे.

एकदा नागपूरची एक बाई मोटारीनं भंडाऱ्याकडे जाता जाता कोणाला तरी विचारत थेट दारात आली. मागावर काळ्या काठाचं पातळ संपत आलं होतं. बाई पाहतच राहिली. म्हणाली, "तुम्ही म्हणाल ती किंमत देते, हेच मला द्या."

"शेठले विचारा, बाई," खेमराज म्हणाला.

"अहो, पण विणलं तर तुम्ही ना?"

"विणलं मी. पण शेठले विचारा."

बाई बिचारी हात जोडायच्या बेताला आली, पण हा गडी धोटा चालवत राहिला. ती गेल्यावर विमलाबाई म्हणाली, "अवो, किंमत तरी सांगाची होती." तर हा म्हणतो, "मले का मालूम किंमत? ते शेठचं काम हाय." ही गोष्ट खेमराज पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगायचा. तो सांगायला लागला की विमलाबाई उठून आत जायची.

पुढं गुडघे गेले, डोळ्यांना बारीक सूत दिसेनासं झालं, लक्ष्मणरावही वारले. माग थांबला आणि खेमराज नुसता घरमालक उरला. तिथं त्याची पार त्रेधा उडाली. भाडं मागायला जायचा आणि चहा पिऊन परत यायचा. पाण्याच्या मोटारीवरून दोन बायका भांडल्या तर हा स्वतःच्या घरचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, घेऊन दोघींचं पाणी भरायला निघायचा. एक भाडेकरू तर भाडं बुडवून गेला तो गेला, जाताना भिंतीवरचा पंखाही घेऊन गेला. आणि तो पंखा काढत असताना त्याचा स्टूल डगमगू नये म्हणून धरायला खेमराजच उभा होता. अखेरीस विमलाबाईनं पदर खोचला आणि सगळा कारभार आपल्या हाती घेतला. तिनं आंगणात उभं राहून नुसतं खाकरलं तरी मागच्या ओळीत रेडिओचा आवाज कमी व्हायचा.

मग नागपूरहून नीलेशचा फोन आला. नीलेश त्यांचा एकुलता मुलगा, तिकडं हिंगण्याला नोकरीत. सुनेचे, रंजिताचे, दिवस भरत आले होते आणि नोकरी दोघांचीही. "आई, बाळ शाळेत जाईपर्यंत तुम्ही दोघं इथं राहा," तो म्हणाला. नातवंडाच्या नावानं बोलावलं तर कोणती आजी नाही म्हणेल? पण खोल्यांचं कोण पाहणार, असा प्रश्न उभा राहिला.

खेमराजनं अनुपला शोधून काढलं.

अनुपचं स्टेशनजवळ लहानसं दुकान होतं. झेरॉक्स, मोबाइलचा रिचार्ज, आणि वर पाटी: 'रूम भाड्यानं मिळेल.' तिशीतला पोरगा, नेहमी इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. मनानंही वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कोणाच्या घरी नळ गळतो, कोणाची बदली होऊन राहिली, कोणाला बायको आणायची म्हणून मोठी खोली पाहिजे, सगळं त्याच्या डोक्यात. दुसऱ्यांची घरं सांभाळून तो पोट भरायचा आणि चांगली सांभाळायचा.

विमलाबाईनं त्याला ठणकावून सांगितलं, "मागच्या पाच खोल्या तुमच्याकडे. समोरच्या घराले कुलूप राहीन. आम्ही परतून येणार हावोत."

"हो जी काकू, तुमचंच घर," अनुप म्हणाला.

इथंच सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण खेमराजला वाटलं, एवढा कारभार कोणाच्या हाती द्यायचा तर तो रीतीनं द्यावा. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं अनुपला आंगणात बोलावलं. पाट मांडला. पाचही खोल्यांतली माणसं बोलावली. अनुप लाजून म्हणत होता, "काकाजी, हे कायले?" पण यानं त्याला बसवलं, कुंकू लावलं, स्वतःच्या हातानं विणलेला जुना शेला त्याच्या खांद्यावर टाकला आणि हातावर सुपारी ठेवली. मग भाडेकरूंकडे वळून, आयुष्यात कधी बोलला नव्हता इतक्या मोठ्यानं म्हणाला, "आजपासून मी इथचा कोणी नाही. पाणी असो, लाईट असो, खोली असो, जे काय असन ते अनुपभाऊले विचारा."

दारातून विमलाबाई म्हणाली, "समोरच्या घराचं बी सांगा."

"ते त्याले मालूम हाय ना," खेमराज म्हणाला, आणि सगळ्यांना गूळ वाटायला लागला. चार माणसांच्या देखत सांगायचं होतं ते राहून गेलं.

नागपूरला नीलेशचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. गुडघ्यानं अधू झालेली दोन माणसं एकदा वर चढली की खाली उतरायला सणवार लागायचा. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. बाल्कनी होती, पण तिच्यात कपडे धुवायची मशीन होती. सून चांगली होती, वाकडं बोलत नव्हती. पण तिच्या स्वयंपाकघरात विमलाबाईला मीठ कुठं आहे ते विचारावं लागायचं. खेमराज बाळाला मांडीवर घेऊन बसायचा आणि त्याचे पाय आपोआप खालीवर व्हायचे, मागाच्या पावड्या दाबल्यासारखे. बाळाला वाटायचं आजोबा झोके देतात.

विमलाबाईच्या कमरेच्या बटव्यात समोरच्या घराची चाबी होती. दुपारी बाळ निजलं की ती चाबी काढून पुसायची. पुसायला चाबीवर काही नसायचं. आंगणातला सीताफळाचा बार, विहिरीजवळची तुळस, सकाळच्या पाळीचा भोंगा, या सगळ्यांची ती मनातल्या मनात हजेरी घ्यायची. "बस, पोरगं शाळेत गेलं की आपण गेलो," असं ती नवऱ्याला म्हणायची, आणि तोही "गेलो" म्हणायचा.

मग एकदा अनुपचा फोन आला. "काकाजी, बंद घराले वाळवी लागून राहिली. चौकटीले लागली. आतमंदी तुमचा माग हाय म्हणता, तो गेला समजा. चाबी असती तं दवा मारून घेतली असती."

मागाचं नाव काढल्याबरोबर खेमराज चाबीसाठी बायकोच्या मागं लागला. विमलाबाई दोन दिवस चाबी द्यायला तयार नव्हती. शेवटी हा जेवेना, तेव्हा तिनं बटवा उघडला. "मागासाठी देऊन राहिले," ती म्हणाली. "पण चाबी परतून माझ्या हातात आली पाहिजे. सांगून ठेवते."

"येईन ना. अनुप का पळून चालला?" खेमराज म्हणाला.

अनुप पळाला नाही. त्यानं वाळवीची दवा मारली, चौकट बदलली, भिंतींना रंग दिला. आणि एक दिवस जेवता जेवता नीलेश खुशीत म्हणाला, "बाबा, त्या अनुपनं कमाल केली. समोरचंही घर लावून दिलं. कारखान्यातला सुपरवायझर हाय, फॅमिलीवाला. मले फोन आला होता, मी हो म्हटलं. बंद ठेवून का फायदा? या फ्लॅटच्या हप्त्याले तेवढाच हातभार."

विमलाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. तिनं मुलाकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं. खेमराज ताटातल्या वरणात बोट फिरवत बसला.

त्या दिवसापासून ती रोज एकच विचारायची, "चाबीचं काय झालं?" आणि तो रोज म्हणायचा, "अनुपले विचारतो." विचारायचाही. अनुप कधी फोन टाळायचा नाही. "काकाजी, अकरा महिन्याचा करार हाय, मधातच कसं काढता येईन?" अकरा महिने झाले की, "काकाजी, त्यायच्या पोरीची शाळा सुरू हाय. आता कुठं जातीन?" त्यानंतर, "नीलेशभाऊनं वाढवून घेतला करार. तुमाले सांगितलं नाही का?" दर वेळी त्याचं म्हणणं रास्त असायचं. खेमराज ऐकून घ्यायचा आणि शेवटी स्वतःच म्हणायचा, "बरं बाप्पा, तुमाले जसं जमन तसं."

त्याला कळत नव्हतं असं नाही. आतून तो पुरता कोंडला होता. मुलाला बोलावं तर मुलाच्या डोक्यावर हप्ता. भाडेकरूला परस्पर सांगावं तर ते अनुपच्या पाठीमागं जाणं झालं, आणि सुपारी दिलेल्या माणसाच्या पाठीमागं त्याच्या घराण्यात कोणी गेलं नव्हतं. अनुपला दटावावं, तर शेठला दटावणारा विणकर त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. एकेक दार त्यानं आपल्याच हातानं लावून घेतलं होतं. रात्री पाठ करून निजलेल्या बायकोकडे पाहून त्याला रडू यायचं, आणि ते रडू ती जागी आहे या भीतीनं तो गिळायचा.

नातू शाळेत जायला लागला. आला खंडेनवमीचा दिवस. विणकर त्या दिवशी माग पुजतो. नागपूरला गेल्यापासून खेमराजनं दर वर्षी मागाच्या नावानं ताटलीत एक धोटा ठेवून हळदकुंकू वाहिलं होतं. या वर्षी विमलाबाई सकाळीच नवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन दाराशी उभी राहिली. "माग पुजायले चाललो," तिनं मुलाला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. गाडीत ती खिडकीशी बसली आणि स्टेशन येईपर्यंत नारळ मांडीवर धरून राहिली.

घरासमोर पोचल्यावर खेमराज फाटकाबाहेरच थांबला. विमलाबाई सरळ आत गेली आणि तिनं स्वतःच्या घराची कडी वाजवली. दार एका तरुण बाईनं उघडलं. तिचं नाव डिंपल, त्या सुपरवायझरची, वीरेंद्रची, बायको. "कोण पाहिजे?" तिनं विचारलं.

"माग पुजाचा हाय."

"कायचा माग?" डिंपल गोंधळली. मग दोघांच्या वयाकडे पाहून नरमली. "अनुपभाऊले विचारलं का जी तुम्ही? असं कोणालेही आत घेऊ नका म्हणते ते."

विमलाबाई काही बोलायच्या आत खेमराज फाटकाजवळूनच म्हणाला, "बरोबर हाय त्यायचं. मी विचारून येतो." आणि गुडघे धरत तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. विमलाबाई स्वतःच्या दाराशी, स्वतःच्या पायरीवर, नारळ घेऊन उभी राहिली.

अनुप लगेच आला, मोटारसायकलवर खेमराजला मागे बसवून. "काकू, फोन करायचा ना! वहिनी, हे घरमालक हायेत," असं म्हणून त्यानंच दोघांना आत नेलं. डिंपल लाजली आणि घाईनं चहा ठेवायला गेली.

पहिल्या खोलीत चकचकीत फरशी बसवली होती. जिथं खड्डा होता तिथं सोफा होता. खेमराज सोफ्याच्या खाली पाहत राहिला. खाली फरशीच होती.

"खड्डा?" त्यानं विचारलं.

"बुजवला काकाजी. लहान पोरगी हाय त्यायची, पडली असती तं कोणाच्या अंगावर आलं असतं?" अनुप म्हणाला. "माग नाही फेकला. मागं ठेवला हाय सगळा."

मागे, न्हाणीच्या भिंतीशी, सागवानी खांब टेकवून ठेवले होते. दोन खांबांना दोरी बांधली होती आणि दोरीवर लेकराचे फ्रॉक वाळत होते. खेमराजनं एका खांबाला हात लावला. लाकूड शाबूत होतं. वाळवीची दवा खरंच चांगली मारली होती. त्यानं तिथंच खाली बसून हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि नारळ फोडताना पाणी फ्रॉकवर उडू नये म्हणून अंग आखडून घेतलं.

विमलाबाई तिथं आली नाही. तिनं समोरच्या खोलीत, सोफ्याच्या पायाशी, खड्डा होता त्या जागी फरशीवर कुंकवाचं बोट ओढलं. डिंपल चहा घेऊन आली ती ते पाहून तशीच उभी राहिली.

तेवढ्यात पाळी संपवून वीरेंद्र घरी आला. दिघोरीचा, धान पिकवणाऱ्या घरचा पोरगा. बायकोनं त्याला दारातच सगळं सांगितलं. तो आत आला, दोघांच्या पाया पडला आणि आंगणात येऊन अनुपला म्हणाला, "भाऊ, तुम्ही तं म्हटलं होतं, म्हातारे परतून येणार नाहीत."

"मले त्यायच्या पोरानं जे सांगितलं ते मी सांगितलं," अनुप म्हणाला.

आवाज ऐकून मागच्या खोल्यांतली माणसं बाहेर आली. नवीच माणसं होती बहुतेक. पण ओळीतल्या पहिल्या खोलीतली शकुनबाई जुनी होती, पाटपूजेच्या वेळची. सगळे आंगणात जमले. वीरेंद्र खेमराजसमोर उभा राहिला. "काकाजी," तो म्हणाला, "पुढच्या गल्लीत माझ्या सोबत्याचं घर खाली हाय. करार-बिरार मी पाहून घेतो. मालक तं तुमीच. एक शब्द तोंडातून काढा, 'माझं घर मले पाहिजे', दिवाळीच्या आत मी खाली करून देतो."

विमलाबाई दारात आली. कितीतरी वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर काही उजळलं होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

अनुप हसला. चेष्टेचं हसू नव्हतं ते, समजूतदार हसू होतं. "बोला ना काकाजी. मी का तुमाले अडवून राहिलो? इथंच, याच आंगणात तुम्ही मले पाटावर बसवलं, शेला दिला. सुपारी दिली. तो शेला अजून माझ्या देवघरात हाय. मी तुमच्या सुपारीले कधी बट्टा लावला असन तं सगळ्याइसमोर सांगा."

सगळे खेमराजकडे पाहत होते.  शब्द तोंडात होता. चारच शब्द होते, वीरेंद्रनं तर त्याला तयार करूनही दिले होते. त्यानं बायकोकडे पाहिलं. मग अनुपकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं की बाप, आजा, लक्ष्मणराव शेठ, सगळे या आंगणात उभे आहेत आणि हा निनाव्यांचा पोरगा आता काय करतो ते पाहत आहेत.

"अनुपभाऊले विचारा," तो म्हणाला.

 शकुनबाईनं जीभ चावली. वीरेंद्र खाली मान घालून आत गेला. अनुपनं मान हलवली आणि म्हणाला, "पाहू आपण काकाजी, पुढच्या करारात पाहू."

विमलाबाई दारातून आंगणात आली. पायऱ्या उतरताना तिनं भिंतीला हात लावला नाही. ती अनुपसमोर उभी राहिली. "मागची शेवटची खोली खाली दिसते," ती म्हणाली.

"हो काकू, परवाच झाली. कोणाले पाहिजे?"

"मले."

अनुपला आधी वाटलं ती रागात बोलते. "काकू, तुमी कायले..."

"भाड्यानं देता ना तुमी? मले भाड्यानं पाहिजे. सगळ्याइकडून घेता तसा डिपॉझिट घ्या, कागद करा. विचारायचं ते विचारा."

अनुपनं खेमराजकडे पाहिलं. तरी धंद्याच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघालंच, "किती जन राहान?"

विमलाबाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. "एक," ती म्हणाली.

खेमराज तिथंच, दोन पावलांवर उभा होता. 'दोन' म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण विचारलं तिला होतं, आणि विचारणारा अनुप होता, आणि मध्ये बोलायची त्याची हिंमत झाली नाही.

विमलाबाईनं बटव्यातून पैसे काढून दिले. अनुपनं ते न मोजता खिशात घातले आणि मोटारसायकलच्या डिक्कीतून चाबी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती पुसली, बटव्यात टाकली, आणि शकुनबाईकडून झाडू मागून घेतला.

सगळे आपापल्या खोल्यांत गेले. अनुपही गेला, जाताना त्यानं खेमराजच्या खांद्यावर हात ठेवला. आंगणात खेमराज एकटाच उरला. संध्याकाळची नागपूरची गाडी चुकली तर नीलेशला फोन करावा लागेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. मग तो हळूहळू ओळीच्या शेवटच्या खोलीकडे गेला. दार उघडं होतं. आत विमलाबाई पदर खोचून कोळिष्टकं काढत होती. त्यानं उंबऱ्याशी चपला काढल्या आणि तिथंच उभा राहिला.

"मी बी इथंच राहतो म्हटलं," तो म्हणाला.

ती झाडत राहिली. कोपरा झाला, भिंत झाली, मग खिडकी झाली. कचरा दारापर्यंत येऊन त्याच्या पायाशी थांबला तेव्हा तिनं मान वर केली.

"अनुपले विचारलं का?" ती म्हणाली.

ती थट्टेनं बोलते की रागानं, हे कळावं म्हणून खेमराजनं तिच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. तिथं दोन्हीपैकी काहीच दिसेना. मग त्यानं चपलांत पाय सरकवले आणि गुडघे धरत, विचारून यायला, स्टेशनच्या रस्त्याला लागला.